तानसेनाशेजारचा मकबरा

ग्वाल्हेरला बहुतेक जण तानसेनाची कबर बघायला जातात. आवाज गोड व्हावा म्हणून तिथल्या चिंचेची पानंही चघळतात. शेजारचा कोपऱ्यांवर षट्कोनी बुरूज असलेला मोठा मकबरा फोटोत नुसता मागे दिसतो. तो महंमद घौस यांचा, अकबराच्या काळातला. परंपरेने तानसेन त्यांचा शिष्य.

इमारतीच्या दगडी जाळ्या सुंदरच आहेत, पण मला हा माणूस जास्त इंटरेस्टिंग वाटतो. सूफी म्हणजे राजकारणापासून लांब, हे आपलं पाठ वाक्य इथे चालत नाही. १५२६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला बाबराच्या सैन्याला मिळाला तो त्यांच्या मदतीने. हुमायूनशीही जवळीक, म्हणून शेरशाहाच्या राज्यात त्यांना गुजरात गाठावं लागलं. तिथे उलेमांनी त्यांच्या आध्यात्मिक दाव्यांवर आक्षेप घेतले. १५६३ मध्ये ते वारले.

याच घौस यांनी योगावरचा 'बह्र अल-हयात' हा ग्रंथ फारसीत लिहिला, मूळ 'अमृतकुंड' नावाच्या ग्रंथावरून. फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' शिकताना आपल्या वर्गात निघतो तोच प्रश्न त्यांच्याही पुढे असणार: दुसऱ्या धर्माचे शब्द घ्यायचे, तर कुठवर?