सहाध्यायी शिक्षकांचे प्रशिक्षण : वैद्यकीय शिक्षणातील एक उपयुक्त पाऊल

वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यास वरच्या वर्गातील विद्यार्थ्याने समजावून दिलेली गोष्ट पुष्कळदा लवकर उमगते. शिकविणाऱ्यास स्वतःची अडचण अजून आठवत असते आणि विचारणाऱ्यास संकोच वाटत नाही. ही कल्पना आपल्या देशाला नवी नाही. अँड्र्यू बेल यांनी मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत मुलांकडूनच मुलांना शिकविण्याचा प्रयोग केला व १७९७ मध्ये त्याचा वृत्तांत लंडन येथे प्रसिद्ध केला.

तथापि, ज्याला येते त्याला शिकविताही येतेच, असे नव्हे. रक्तदाब मोजण्याचेच उदाहरण घ्या. रुग्णास पाच मिनिटे शांत बसवावे, पाठीला आधार द्यावा, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा, पट्टा दंडाच्या मापाचा असावा. पट्टा लहान असल्यास रक्तदाब वाजवीपेक्षा अधिक दिसतो. शिकविणाऱ्याने एवढे एक सांगण्याचे विसरल्यास त्याची चूक अनेकांच्या हाती जाते आणि निरोगी माणूस रुग्ण ठरतो. म्हणूनच शिकविणाऱ्या विद्यार्थ्यास आधी शिक्षणाचे शिक्षण हवे.

त्यासाठी शल्यविशारद रॉडनी पेटन यांनी १९९८ मध्ये मांडलेली चार पायऱ्यांची रीत उपयोगी आहे. प्रथम शिक्षकाने कृती न बोलता, नेहमीच्या गतीने करून दाखवावी. दुसऱ्या वेळी प्रत्येक टप्पा कारणासह समजावून सांगावा. तिसऱ्या वेळी विद्यार्थ्याने टप्पे सांगावेत व शिक्षकाने त्याप्रमाणे कृती करावी. चौथ्या वेळी विद्यार्थ्याने स्वतः सांगत कृती करावी. तिसरी पायरी विशेष महत्त्वाची. कारण समजुतीतील उणीव तेथेच उघडी पडते.

याखेरीज चूक न दुखविता दाखविणे आणि 'मला माहीत नाही, विचारून सांगतो' असे निःसंकोच म्हणणे, हेही शिकवावे लागते. प्राध्यापकांची देखरेख मात्र सुटता कामा नये. सहाध्यायी हा त्यांचा साहाय्यक आहे, पर्याय नव्हे.

पदवीधर डॉक्टरास शिक्षक म्हणूनही काम करता आले पाहिजे, अशी अपेक्षा ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने २००९ मध्ये नोंदविली. आपल्या ग्रामीण भागात तिचे मोल अधिक आहे. आजचा विद्यार्थी उद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिकेस, आशा कार्यकर्तीस आणि जुलाबाने बेजार झालेल्या बाळाच्या आईस काही शिकविणार आहे. क्षारसंजीवनी किती पाण्यात मिसळावी हे त्या आईने स्वतःच्या तोंडाने सांगितले, तरच तो धडा पुरा झाला असे समजावे.