जुन्या आमराईचा पालट आणि घरखर्च

वाशी तालुक्यासारख्या बालाघाटच्या पठारावरील भागांत, १९९० नंतर रोजगार हमी योजनेशीं निगडित फळबाग योजनेखालीं ज्यांनीं पहिल्या वर्षांत केशर आंबा लाविला, त्यांच्या झाडांनीं आतां तिशी ओलांडली आहे. फांद्या एकमेकींत शिरतात, उजेड आंत पोहोंचत नाहीं, व फळ शेंड्यालाच लागतें. पालट अवश्य आहे हें सर्वांस कळतें. परंतु मधल्या वर्षांत घर कशावर चालवावें, या प्रश्नापाशीं हात थांबतो.

नवें कलम लाविल्यास विक्रीजोगें फळ पांचव्या वर्षाच्या सुमारास येतें. २०१८ सालीं सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेंत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० व २० टक्के असें विभागिलें आहे. म्हणजे मदत आधीं संपते व उत्पन्न मागाहून येतें. ही तूट भरण्याची तजवीज कुऱ्हाड उचलण्यापूर्वींच झाली पाहिजे.

खोड निरोगी असल्यास झाड काढूंच नये. डिसेंबरांत जमिनीपासून दहा-बारा फुटांवर फांद्या छाटाव्या, कापांस बोर्डो मलम लावावें व पुढें फुटव्यांची विरळणी करावी. असें झाड साधारणपणें तिसऱ्या हंगामापासून पुन्हां फळूं लागतें. खोड किडीनें पोखरलें असेल तेथेंच नवें कलम लावावें. मात्र आंबा १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचींत असल्यानें तोडीपूर्वीं परवानगी घ्यावी.

सर्व बाग एकदम हातीं घेऊं नये. दीड एकरांत साठ झाडें असल्यास वीस-वीसांचे तीन भाग करून दर दोन वर्षांनीं एक भाग छाटावा. मग कोणत्याही उन्हाळ्यांत चाळीस झाडें फळतीं राहतात. त्यांतील कांहींचें पीक हलकें असेल, इतकेंच. काम सहा वर्षें चालतें, पण घर एकाही वर्षीं उघडें पडत नाहीं.

छाटलेल्या भागांत ऊन पडतें. तेथें मूग, उडीद, हरभरा घ्यावा. वाशी-भूमकडे खव्यामुळें दुधास गिऱ्हाईक आहे. दुधाचा पैसा घरखर्चास लावावा. लाकडाचा पैसा मात्र पाण्यासाठीं राखावा. २०१२-१३ व २०१५-१६ च्या दुष्काळांनीं मराठवाड्यांतील कित्येक बागा वाळविल्या, हें विसरूं नये. कर्ज काढणें झाल्यास पहिला हप्ता फळ येण्यापूर्वीं पडणार नाहीं, अशी मुदत आधींच लिहून घ्यावी.

आमराई एका पिढीनें लाविली, दुसरीनें खाल्ली. तिसरीसाठीं ती राखावयाची तर हिशेबाची वही कुऱ्हाडीच्या आधीं उघडावी.