आधी ‘नको’ शिकव

सातारा,
जुलैची अखेर

चि. सोनू हिस,


तुझा लांबलचक मेसेज काल रात्री दोनदा वाचला. फोन केला असता तर मी धीर दिला असता, तू रडली असतीस आणि मूळ प्रश्न तिथंच राहिला असता. म्हणून सावकाश लिहितेय.

पहिलीतलं, ऑटिझम असलेलं सहा वर्षांचं पोर, एका आठवड्यात तीनदा चावलं. मुख्याध्यापिका म्हणतात, ‘याला जरा वळण लावा.’ त्याची आई म्हणते, ‘निदान आल्यागेल्याला नमस्ते म्हणायला तरी शिकवा.’ आणि तू भिंतीवर तक्ता लावलास: माझ्या डोळ्यांत बघितलंस की एक चांदणी, दहा चांदण्या झाल्या की खेळण्यातली गाडी. तुझी कळकळ मला दिसते. पण तक्ता चुकलाय. हे मी खात्रीनं सांगते, कारण असाच तक्ता मी पाच वर्षं वापरला.

आम्हाला शिकवलेली रीत अशी होती. मुलाच्या समोर बसायचं, ‘माझ्याकडे बघ’ म्हणायचं, हनुवटीला बोट लावून त्याचा चेहरा आपल्याकडे वळवायचा, बघितलं की बुंदीचा एक दाणा. तिचं मूळ कॅलिफोर्नियात, ओले इवार लोवास यांच्या कामात. त्यांचा १९८७ चा अभ्यास जगभर गाजला. त्याच लोवासांनी १९६० च्या दशकात ऑटिझम असलेल्या मुलांवर विजेच्या झटक्यांचे प्रयोग केले होते, हे मात्र आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नाही. आज ती पद्धत पुष्कळ मवाळ झालीय आणि तिच्यात घेण्यासारखंही आहे: मोठं काम छोट्या पायऱ्यांत तोडायचं, जमलं की लगेच दाद द्यायची. पण माझ्या वर्गातला एक मुलगा बुंदीसाठी डोळ्यांत बघायला शिकला, आणि त्याच दिवसांत मी सांगितलेलं त्याला समजेनासं झालं. बघणं आणि ऐकणं दोन्ही त्याला एकदम पेलत नव्हतं. पुढे ऑटिझम असलेली मोठी माणसं स्वतःबद्दल लिहू-बोलू लागली, तेव्हा त्यांतल्या अनेकांनी हेच सांगितलं. तुझा विद्यार्थी खिडकीकडे बघत तुझं ऐकत असेल, तर त्याला खिडकीकडेच बघू दे. त्या मुलाच्या हनुवटीला लावलेलं बोट मला अजून आठवतं आणि वाईट वाटतं.

मग सुरुवात कशानं करायची? ‘नको’ या शब्दानं.

मोठी माणसं मुलांना आधी नमस्ते, थँक्यू, सॉरी शिकवतात. ते सगळं आपल्या सोयीचं. ज्या मुलाला ‘नको’, ‘थांब’, ‘पुरे’, ‘मला बाहेर जायचंय’ हे सांगता येत नाही, त्याच्याजवळ उरतं काय? दात, नखं आणि जमिनीवर लोळण. चावणं हे त्याचं ‘नको’च आहे, फक्त ते दुसऱ्याला लागतं. मला विचारशील तर चार माणसांत राहायला लागणारं पहिलं कौशल्य म्हणजे कुणाला न दुखावता नकार देता येणं.

बोलत नसेल तर कार्ड दे. चित्र हातात देऊन मागणी करायची पद्धत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये बसवली, ती तुला कोर्सला झालीच असेल. माझी त्यात एवढीच भर: पहिले काही आठवडे ‘नको’चं कार्ड आलं की ते मानायचंच, दर वेळी आणि तिथल्या तिथं. वर्गशिक्षिका म्हणतील, मग हा सगळ्यालाच नको म्हणेल. म्हणू दे. आपल्या शब्दाला वजन आहे हे एकदा कळलं की तो जपून वापरला जातो. त्यानंतर ‘आधी दोन ओळी, मग झोका’ असं ठरवता येतं. औषध, रस्ता ओलांडणं अशा ठिकाणी सवलत नाही; तिथं ‘तुझं नको ऐकलं, पण हे करावं लागेल’ असं स्पष्ट सांगायचं.

आता वहीचं. आज संध्याकाळीच एक वही घे आणि तीन रकाने आख: आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर काय झालं. वेळ मिनिटासकट लिही. काहीतरी हवंय, काहीतरी टाळायचंय, कुणाचं लक्ष हवंय, की शरीरालाच काही सोसत नाहीये, हे वहीतून कळतं. अंदाजानं कळत नाही.

माझ्या वर्गात सात वर्षांचा एक मुलगा रोज स्वतःचं मनगट चावायचा. तिथं घट्टा पडला होता. गणिताच्या तासालाच चावतो, म्हणजे गणित नको असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. नऊ दिवस वेळा लिहिल्या. मधली सुट्टी व्हायच्या आधी दहा मिनिटं, कधी आठ. शनिवारी सकाळच्या शाळेत त्या वेळी मराठीचा तास असायचा, तरी चावणं ठरलेलं. तेव्हा उजेड पडला: गणिताचा संबंधच नव्हता, घंटेचा होता. आमची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा, वर्गाच्या खिडकीबाहेरच टांगलेला. आवाज कर्कश होताच, पण तो नेमका कधी कानावर आदळणार हे न कळणं त्याला जास्त छळत होतं. आम्ही भिंतीवरच्या घड्याळावर लाल पट्टी चिकटवली. काटा तिथं आला की घंटा. मग रोज पाच मिनिटं आधी त्याला घेऊन शिपाईमामांकडे जायला लागले. कित्येक दिवस तो लांब, कानांवर हात घेऊन उभा. पुढे मामा त्याच्याकडे बघत थांबायचे, तो बोट वर करायचा, मग टोल पडायचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यानं स्वतः हातोडी मागितली. आपण काढलेला आवाज कमी टोचतो. मार्चपर्यंत घट्टा गेला. आणि शाळेत त्यानं आपणहून पहिली हाक मारली ती मामांना. नमस्ते मी त्याला कधी शिकवलंच नव्हतं.

तुझ्याकडेही कान जप. पुण्यात आता ढोलपथकांचा सराव सुरू झाला असेल, महिन्याभरात गणपती. कान झाकायचा हेडफोन दप्तरात असू दे, आणि वर्गाला सांगून टाक की चष्मा असतो तसं हे.

सगळं करूनही एखाद दिवशी त्याचा तोल सुटेल. हट्टाचा थयथयाट आणि मेल्टडाउन यांत फरक आहे. हट्ट करणारं मूल मधून मधून तुमच्याकडे बघतं. मेल्टडाउनमधल्या मुलाला तुम्ही दिसतही नसता. त्या वेळी शिकवायचं नाही, समजवायचं नाही, ‘सॉरी म्हण’ तर नाहीच. बाकीच्या मुलांना बाहेर ने, ट्यूबलाइट बंद कर, त्याच्याजवळ पण हात न लावता बस. शिक्षा म्हणून त्याची मधली सुट्टी कुणी काढून घेत असेल तर त्याला विरोध कर, नोकरी नवी असली तरी.

भाषेबद्दल एक सांगते.  ही मुलं पुष्कळदा ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणतात. त्याला पाणी हवं असतं आणि तो म्हणतो, ‘तुला पाणी हवंय?’ तो चेष्टा करत नसतो, बोलत असतो. तू त्याच्या तोंडचं वाक्य करून दे: ‘मला पाणी हवंय.’ आणि आपल्या मराठीत इथं एक मेख आहे; पुस्तकं बहुतेक इंग्रजीतून आलेली, त्यामुळे त्यांत ती सापडत नाही. घरी आई, शाळेत बाई, थेरपीला ताई; दिवसभर बायकांचं बोलणं ऐकून मुलगा ‘मी दमले’, ‘मी आले’ म्हणू लागतो आणि वर्ग हसतो. म्हणून त्याच्यासाठी वाक्य करताना ‘मी दमलो’ असंच म्हणायचं. वर्गशिक्षिकांना हेही सांग की ‘डोकं खाऊ नकोस’ किंवा ‘एका मिनिटात येते’ त्याला म्हणू नका. तो साठ आकडे मोजेल आणि तुम्ही आला नाहीत तर तुम्ही खोटं बोललात असं धरेल. त्याच्या बाजूनं ते बरोबरच आहे.

खेळात लगेच कबड्डीत ढकलू नकोस. सापशिडी घे, एकच जोडीदार घे. सापशिडीत पाळी डोळ्यांना दिसते: फासा ज्याच्या हातात त्याची पाळी. ‘थांब, आता तिची पाळी’ हे हवेतलं वाक्य फाशामुळे हातात येतं. सुरुवातीला तिसाव्या घरापर्यंतच खेळा, म्हणजे हरणंही लहान राहतं. त्यानं फासा पुढं केला की नुसतं ‘छान’ म्हणू नकोस. ‘फासा तिला दिलास, आता ती खेळू शकते’ असं म्हण. आपण नेमकं काय चांगलं केलं हे त्याला कळू दे.

आणि उरलेल्या चाळीस मुलांना कोण शिकवणार? ब्रिटनमधले डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिझम असलेले संशोधक आहेत, त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की हा न समजण्याचा प्रश्न दोन्हीकडून असतो: त्याला आपण कळत नाही, तसा आपल्यालाही तो कळत नाही. मग बदलायचं ओझं सहा वर्षांच्या एकट्या पोरावर का? वर्गाला तीन गोष्टी शिकव. मागून धरायचं नाही. विचारल्यावर दहापर्यंत मोजून उत्तराची वाट बघायची. त्यानं ‘नको’चं कार्ड दाखवलं की दोन पावलं मागं जायचं. मुलं हे आठवड्यात शिकतात. मोठ्यांना वेळ लागतो.

धक्क्यावरून मारामारी होते म्हणालीस. त्यासाठी सोशल स्टोरी लिही. कॅरल ग्रे यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली ही रीत. तिचं मर्म असं की हुकूम कमी आणि घडतं काय याचं वर्णन जास्त. साधारण अशी: ‘मधल्या सुट्टीत मुलं पळतात. पळताना कधी कधी धक्का लागतो. तेव्हा मला राग येतो. ज्याचा धक्का लागला त्याला बहुतेक वेळा मारायचं नसतं. मी कार्ड दाखवू शकतो किंवा बाईंजवळ जाऊ शकतो.’ त्याच्याच मैदानाचा फोटो लाव. भांडण झाल्यावर वाचू नकोस, रोज सकाळी शांत वेळी वाच.

त्याच्या आईशी जपून बोल. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचं वर्णन करून ऑटिझमला ओळख दिली, आणि पुढची कितीतरी वर्षं दोष आयांच्या थंडपणाला लावला गेला. तो समज कधीच खोटा ठरलाय. तरी आपल्याकडे जाऊबाईपासून रिक्षावाल्यापर्यंत कुणीही तिला ‘मोबाइल दिलात ना?’ म्हणून विचारतं. तिनं नमस्तेचा आग्रह का धरला ते बघ: समारंभात पोरगं नमस्कार करत नाही म्हणून चार लोक तिच्याकडे बघतात. तिला सांग, हात जोडण्याऐवजी त्यानं हात हलवला तरी तो नमस्कारच. गालगुच्चा घेणाऱ्या काकांना ‘त्याला नकोय’ म्हणायचं बळ तिला मिळालं, तर तुझं अर्धं काम झालं.

आणि शाळा उपकार करतेय असं कुणी म्हणालं तर नम्रपणे सांग: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम नावानिशी आहे, आणि मान्यताप्राप्त शाळेनं अशा मुलाला सामावून घेणं त्यातच लिहिलंय.

तू विचारलंस, ‘मावशी, मला जमेल का?’ जमेल, पण या सहामाहीत दिसण्यासारखं फार काही होणार नाही. चावणं आठवड्यात तीनदाचं एकदा झालं तर वहीत तारीख घाल आणि मला कळव.

उद्या शाळेत लवकर जा. भिंतीवरचा तो चांदण्यांचा तक्ता काढ आणि त्या जागी ‘नको’चं कार्ड लाव, त्याचा हात पोचेल एवढ्या उंचीवर.

तुझी
मावशी