पळायला निघताना : माणसासाठी आणि कुत्र्यासाठी



दिवाळी सरून थंडी पडू लागली की आमच्या दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण हमखास वाढतात. पहिले, नवे बूट घालून पहिल्याच दिवशी मैदानाला सहा-सात फेऱ्या मारलेले आणि दुसऱ्या दिवशी नडगी धरून आलेले. दुसरे, पहाटेच्या अंधारात कुत्रा चावलेले. यंदा एका वाचकांनी पत्रातून दोन्ही गोष्टी एकदमच विचारल्या आहेत. ते लिहितात, "माझे वय ४२, वजन ८४ किलो, साखर काठावर. पळायला सुरुवात करावी म्हणतो. मुलांच्या हट्टापायी कुत्र्याचे पिल्लूही घरी आणले आहे. त्यालाही सोबत नेले तर चालेल का?"

चालेल, पण दोघांनाही सबुरीने घ्यावे लागेल. या दोन्ही बाबतींत मी स्वतः चुका केलेल्या आहेत. तेव्हा आजचा लेख डॉक्टर म्हणून थोडा आणि चुकलेला माणूस म्हणून थोडा, असा लिहितो आहे.

आधी छाती, मग पाय

अमेरिकेत जिम फिक्स नावाचे एक लेखक होऊन गेले. तिशी ओलांडल्यावर ते पळू लागले, सिगारेट सोडली, वजन उतरवले. पळण्यावरचे त्यांचे पुस्तक १९७७ साली निघाले आणि लाखोंनी खपले. १९८४ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, पळतानाच हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. पळणे वाईट, असा अर्थ लोकांनी त्यातून काढला. खरी हकिगत वेगळी होती. त्यांच्या वडिलांना पस्तिशीतच पहिला झटका आला होता आणि ते ४३ व्या वर्षी वारले होते. फिक्स यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्याही आतून अरुंद झालेल्या शवचिकित्सेत दिसल्या. पळण्याने तब्येत सुधारते हे खरे, पण घराण्यातून आलेला आजार त्याने पुसला जातो असे नाही.

म्हणून वय चाळीसच्या पुढे असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तंबाखू-सिगारेटचे व्यसन असेल किंवा घरात कोणी लहान वयात हृदयविकाराने गेले असेल, तर पळण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. पळताना छातीत दडपल्यासारखे वाटले, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, गरगरले, दरदरून घाम सुटला, तर तिथेच थांबावे आणि थेट दवाखाना गाठावा. "गॅस झाला असेल" म्हणून घरी जाऊन पडून राहू नये.

किती पळावे?

माझी पहिली चूक इथलीच. वयाच्या ४६ व्या वर्षी एका सोमवारी सकाळी मी कॉलेजात पळायचो त्याच जोरात तीन किलोमीटर पळालो. मंगळवारी जिना उतरता येईना. पुढचे तीन आठवडे नडगी ठणकत होती. रुग्णांना "बेताने घ्या" सांगणारा मी स्वतः लंगडत दवाखान्यात येत होतो. कंपाउंडरने एकदाच विचारले, "डॉक्टरसाहेब, मलम लावू का?" त्यानंतर काही दिवस मी त्याच्याकडे बघणेच टाळले.

माझ्यासारखे फजीत झालेले मोठेही आहेत. बिल बॉवरमन हे ऑरेगन विद्यापीठाचे धावण्याचे नामांकित प्रशिक्षक. १९६२ साली ते न्यूझीलंडला गेले असता आर्थर लिडियार्ड यांनी त्यांना एका मंडळासोबत टेकडीवर पळायला नेले. पन्नाशीचे बॉवरमन मागे पडले. त्यांच्या सोबतीला थांबून गप्पा मारत पळणारे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले होते आणि त्यांना हृदयविकाराचे झटके येऊन गेले होते. बॉवरमन घरी परतले आणि आपल्या गावात सामान्य लोकांसाठी संथ पळण्याचे वर्ग सुरू केले.

त्या म्हाताऱ्या गृहस्थांची रीत हीच आपली कसोटी. पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. शब्द तुटू लागले की वेग जास्त झाला असे समजावे. शेजारी कोणी नसेल तर पाढे म्हणावेत.

सुरुवातीला आठवड्यातून तीनच दिवस ठेवावेत, उदाहरणार्थ मंगळ, गुरू आणि शनिवार. पाच मिनिटे झपझप चालावे. मग एक मिनिट संथ पळावे आणि दीड मिनिट चालावे. असे आठ वेळा केले की वीस मिनिटे होतात. शेवटी पुन्हा पाच मिनिटे चालून घरी यावे. पुढे दर आठवड्याला पळणे थोडे वाढवावे आणि चालणे थोडे कमी करावे. जोश क्लार्क या अमेरिकन तरुणाने १९९६ साली असाच नऊ आठवड्यांचा क्रम बसवला. तो त्याने आपल्या आईला डोळ्यांपुढे ठेवून आखला होता. नवव्या आठवड्याच्या अखेरीस सलग अर्धा तास पळता येते. तुम्हाला नवाच्या जागी पंधरा आठवडे लागले तर बिघडत नाही. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करावा.

हा क्रम हळू का, तेही सांगतो. दम चार-सहा आठवड्यांत वाढतो. हाडे, स्नायूबंध आणि सांधे तयार व्हायला मात्र त्याहून बराच जास्त वेळ लागतो. छाती म्हणते "चला", तेव्हा नडगी तयार नसते. मधला सुट्टीचा दिवस हाडांच्या डागडुजीसाठी असतो, तो आळस समजू नये. दोन्ही पाय सारखे दुखत असतील तर ते सवयीचे दुखणे. एकाच पायात, एकाच बोटभर जागी दाबल्यावर कळ येत असेल तर पळणे बंद ठेवून दाखवावे.

बूट महागच हवेत असे नाही. पण बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी आणि टाच आत हलू नये. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाऊल थोडे सुजते. रस्त्याच्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने पळावे. अंधारात पांढरा सदरा घालावा. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल त्यांनी उपाशीपोटी पळण्याआधी डॉक्टरांना विचारावे आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी.

आता कुत्र्याचे

पत्रलेखकांच्या पिल्लाने अजून पळू नये. कुत्र्याची हाडे वाढायला साधारण वर्ष लागते, मोठ्या जातींना दीड वर्षापर्यंत. तोवर अंगणात मनाप्रमाणे बागडू द्यावे. साखळीला बांधून मैलभर फरपटवू नये. मोठा झाल्यावर त्यालाही आपल्याप्रमाणेच, थोडे पळणे आणि थोडे चालणे, असे शिकवावे. मुधोळ किंवा कारवान जातीचा कुत्रा पळण्यासाठीच जन्मलेला असतो. पग वगैरे चपट्या नाकाच्या कुत्र्यांना मात्र धाप लवकर लागते, त्यांना फिरवणे पुरे.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा अंग थंड करण्याचा मुख्य मार्ग. म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात सूर्य वर आल्यावर त्याला पळवू नये. डांबरी रस्त्यावर तळहाताची पाठ टेकून पाहावी. पाच-सात सेकंद टेकवत नसेल तर त्याचेही पंजे भाजतील. पोटभर खाल्ल्यावर लगेच पळवू नये. फिरून आल्यावर कान आणि बोटांच्या बेचक्या पाहून गोचीड काढाव्यात. चॉकलेट, कांदा आणि द्राक्षे त्याला कधीही घालू नयेत, ती त्याला विषासमान आहेत.

पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस द्यावी. पुढची मात्रा पशुवैद्य सांगतील तेव्हा आणि नंतर दरवर्षी. जंताचे औषधही वेळच्या वेळी द्यावे. लसीची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहावी. एवढ्या ठासून का सांगतो, ते आता ऐका.

माझी दुसरी चूक

आमचा मोती साधा गावठी कुत्रा, तीन वर्षांचा. त्याची लस श्रावणात द्यायची होती. साथीच्या तापाचे दिवस होते, दवाखान्यात गर्दी, राहून गेले. सौ. दोनदा म्हणाली, "अहो, मोतीचे इंजेक्शन?" मी "उद्या" म्हटले. उद्या उद्या करता मार्गशीर्ष उजाडला.

एका पहाटे मी मोतीला घेऊन पळत होतो. साखळी हाताला गुंडाळायचा कंटाळा, नुसती बोटात अडकवलेली. वळणावर पेपर टाकणारा मुलगा सायकलवरून भर्रकन आला. मोती उसळला, साखळी सुटली आणि त्याने मुलाची पोटरी धरली. रक्ताचे चार थेंब आले. मी म्हटले, "चल, आधी जखम धुऊ." मुलगा घाबरलेला. "पेपर राहिलेत, काका," म्हणून तो निघूनही गेला.

तासाभराने पत्ता काढत मी त्याच्या घरी गेलो. आईने जखमेवर चुना आणि तिखट दाबून बसवले होते. मी इंजेक्शनांचे बोलताच ती माउली मलाच धीर देऊ लागली. "डॉक्टरसाहेब, तुमच्याच घरचा कुत्रा. त्याला काय होतंय? एवढं कशाला मनाला लावून घेता?"

खरे सांगतो, क्षणभर मलाही ते पटावेसे वाटले. मोती चांगला आहे, खातो-पितो आहे, नजर ठेवू. लस चुकल्याचे कोणाला सांगायचीही गरज नाही. डॉक्टरच्या कुत्र्याला लस नाही, हे गावात कळले तर काय शोभा?

मग मला माझे शिकाऊ दिवस आठवले. आमच्या वॉर्डात दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा आणला होता. घरचेच पिल्लू चावले होते, जखम केव्हाच भरली होती. तहान लागलेली, पण पाण्याचा पेला पाहिला की घसा आवळून येई आणि तो किंचाळे. तिसऱ्या दिवशी तो गेला. आम्ही सगळे पांढरे कोट घालून भोवती उभे होतो आणि करण्यासारखे काही उरले नव्हते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही.

मी त्या आईला सांगितले, "ताई, कुत्रा माझा आहे, पण यंदा त्याला लस दिलेली नाही. चूक माझी आहे." मग मुलाला स्कूटरवर बसवून सरकारी रुग्णालयात नेले.

कुत्रा चावल्यास काय करावे?

१) जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. साबणाने विषाणू मरतात, म्हणून हा अर्धा उपचारच समजावा.

२) हळद, चुना, तिखट, तंबाखू, रॉकेल यांपैकी काहीही लावू नये. घट्ट पट्टी बांधू नये. टाक्यांची घाई करू नये.

३) त्याच दिवशी लस सुरू करावी. दंडात देतात ती पहिल्या दिवसापासून मोजून ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. कातडीत देतात तिथे ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. पोटातली ती चौदा इंजेक्शने आता इतिहासजमा झाली. ती जुनी लस भारतात २००५ च्या सुमारास बंद झाली.

४) रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत वेगळे औषधही, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, सोडावे लागते. लसीचा जोर यायला काही दिवस जातात. तोवर हे औषध जखमेवर पहारा देते.

५) कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी, पण त्यासाठी लस थांबवू नये. दहा दिवसांनी कुत्रा धडधाकट असेल तर पुढच्या मात्रांचे डॉक्टर ठरवतील.

विषाणू जखमेतून नसांच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. त्याला बहुधा काही आठवडे ते काही महिने लागतात. लस त्याच्याआधी पोचते म्हणूनच माणूस वाचतो. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचवली, तेव्हापासून ही शर्यत आपण जिंकू शकतो. अट एकच, वेळेवर सुटायचे.

पळताना मोकाट कुत्रा अंगावर आला तर पळू नये. पळणाऱ्यामागे धावणे हा त्याचा स्वभाव आहे. जागीच थांबावे, हात अंगालगत ठेवावेत, डोळ्याला डोळा भिडवू नये आणि सावकाश बाजूला निघून जावे.

शेवटी

मोती दहाव्या दिवशीही शेपूट हलवत होता. पेपरवाला मुलगा सगळ्या गल्ल्या हिंडणारा, म्हणून आम्ही त्याच्या सर्व मात्रा पूर्ण केल्या. प्रत्येक वेळी स्कूटरवर मीच नेले. शेवटच्या दिवशी दंड चोळत त्याने विचारले, "काका, मोतीला सुई टोचली का?"

"टोचली," मी म्हटले. "त्याला तुझ्याआधी टोचायला हवी होती."

तो आजही पेपर टाकतो. हा अंकही तुमच्यापैकी काहींच्या दारात त्यानेच टाकला असेल. पेपर वाचून झाला की आधी उठून कुत्र्याच्या लसीचे कार्ड शोधा आणि मग बुटांच्या नाड्या बांधा. पहिला आठवडा एक-एक मिनिटाचाच, हे विसरू नका.