जुन्या पिकअप गाडीस थांबून चालणारा वायपर

परतवाडा-अचलपूरच्या भोंवतालीं ज्या बागाईतदारांच्या घरीं पूर्वीं दोन बंड्या व एक दमणी असे, त्यांच्या अंगणांत आज पिकअप गाडी उभी दिसते. ती बहुधा जुनी असते. संत्र्याच्या एका बहाराचा पैसा हातीं आला म्हणजे तो आधीं सोसायटीच्या कर्जास, मग विहिरीच्या कामास आणि उरला तर घरच्या कार्यास लागतो. नव्या गाडीची पाळी येत नाहीं. जुनी गाडी नीट राखली तर तिच्यांत वाईट असें कांहीं नाहीं. परंतु तिची एक उणीव अशी आहे कीं, ती उन्हाळ्यांत कोणाच्या ध्यानांत येत नाहीं व पावसाळ्यांत मात्र जिवावर बेतूं शकते. तिच्या वायपरास दोनच चाली असतात, एक हळू व एक जलद. नव्या गाड्यांत बहुधा तिसरीही असते. तींत वायपर एकदां काच पुसून जागेवर येतो, कांहीं सेकंद थांबतो व पुन्हां आपोआप पुसतो. ही तिसरी चाल जुन्या गाडीस कशी देतां येते, तें ह्या लेखांत सांगावयाचें योजिलें आहे.

आपल्याकडील पाऊस एका जातीचा नसतो. मृगाची सर कोसळते तेव्हां जलद चालसुद्धां अपुरी पडते. झड लागली म्हणजे हळू चाल पुरते. पण घाटांत ढगांत शिरल्यावर जी बुरबुर लागते, ती ह्या दोहोंतही बसत नाहीं. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारें १,१०० मीटर उंच आहे, आणि श्रावणांत परतवाड्याहून वर जाणारी गाडी पुष्कळदां माथा येण्याच्या आधींच धुक्यांत शिरते. तेथें काचेवर दहा-बारा सेकंदांत इतकेंच पाणी जमतें कीं समोरचें वळण अंधुक व्हावें. वायपर चालू ठेवावा, तर दोन फेऱ्यांत काच कोरडी होते, रबर किरकिरूं लागतें आणि शेतवाटेची बारीक धूळ त्याखालीं सांपडून काचेवर ओरखडे पाडते. हे ओरखडे दिवसां दिसत नाहींत. रात्रीं समोरून दिवे आले म्हणजे सारे एकदम पेटल्यासारखे दिसतात. वायपर बंद करावा, तर काच पुन्हां आंधळी. म्हणून चालविणारा एक हात स्टिअरिंगवर व एक हात स्विचवर ठेवून, दर थोड्या वेळानें खटका खालींवर करीत घाट उतरतो. धारणीकडे माल नेणाऱ्यांस सेमाडोह-हरिसालचा रस्ता ठाऊक आहे. तो मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पांतून जातो, आणि वळणापलीकडे एस. टी. आहे कीं गवा, हें आधीं कळत नाहीं. तेथें दोन्ही हात स्टिअरिंगवरच असले पाहिजेत.

ह्या युक्तीचा इतिहास थोडा ऐकण्यासारखा आहे. काच पुसण्याच्या साधनाचें पेटंट अमेरिकेंतील मेरी अँडरसन ह्या बाईंनीं १९०३ सालीं मिळविलें. त्यांत गाडी चालविणाऱ्यानें आंतून दांडा हातानें फिरवावयाचा असे. पुढें विजेची मोटार आली, पण थांबून पुसणें साधण्यास बराच काळ जावा लागला. ह्या कामांत रॉबर्ट कर्न्स नांवाच्या इंजिनिअराचें नांव विशेष आहे. १९५३ सालीं लग्नाच्या रात्रीं शँपेनच्या बाटलीचें बूच उडून त्याचा डावा डोळा अधू झाला होता. पापणी सारखी हालत नाहीं, क्षणभर मिटते व थांबते. वायपरानें तसेंच कां करूं नये, असा विचार त्यास सुचला. त्यानें १९६४ सालीं पेटंटासाठीं अर्ज केला व १९६७ सालीं त्यास तें मिळालें. फोर्ड कंपनीच्या गाड्यांत असे वायपर १९६९ पासून येऊं लागले. कर्न्सनें १९७८ सालीं त्या कंपनीवर दावा लावला. कंपनीचें म्हणणें असें कीं, ह्यांतील प्रत्येक भाग बाजारांत पूर्वींपासून मिळत होता, मग ह्यांत नवीन तें काय? अखेर १९९० सालीं १ कोटी २ लाख डॉलरांवर तडजोड झाली. ज्यानें कचेरींत वहिवाटीचे कज्जे पाहिले आहेत, त्यास ही बारा वर्षें फार वाटणार नाहींत! आपल्यापुरतें घेण्यासारखें इतकेंच कीं, भाग साधे व स्वस्त आहेत. सारें महत्त्व त्यांच्या जुळणीस आहे.

थांबून चालण्याचें मर्म टायमरांत आहे, असें पुष्कळांस वाटतें. तें तसें नाहीं. तें वायपराच्या मोटारींत आहे. मोट ज्यांनीं हांकली किंवा लहानपणीं पाहिली आहे, त्यांस हें लवकर समजेल. बैलांस विहिरीच्या तोंडापासून एकदां हांकारलें कीं ते धांवेनें खालीं जातात, मोट रिकामी होते, आणि ते मागें सरत पुन्हां आपल्या जागीं येऊन उभे राहतात. धांवेच्या मध्येंच ते थांबले, तर मोट अधांतरी लोंबकळेल. चांगल्या वायपर-मोटारींत अशीच घरीं परतण्याची सोय असते. तिच्या आंतील दांत्याच्या चाकाबरोबर एक संपर्काची चकती फिरते. वायपर काचेच्या मध्यावर असतांना तुम्ही स्विच बंद केला, तरी ही चकती बॅटरीचा प्रवाह एका निराळ्या तारेनें स्विचांतून फिरवून मोटारीस देत राहते. त्या तारेस आपण परतीची तार म्हणूं. वायपर खालीं आपल्या जागीं पोंचला कीं चकती तीच तार बॅटरीपासून तोडून गाडीच्या अंगास, म्हणजे अर्थला, जोडते. मोटारीचीं दोन्ही टोकें अर्थला गेल्यानें ती जागच्या जागीं ठाम थांबते.

हें ध्यानांत आलें म्हणजे पुढील काम सोपें होतें. मोटारीस अर्ध्याएक सेकंदाचा एक हांकारा द्यावयाचा, म्हणजे ती जागेवरून हालेल; उरलेली फेरी ती आपली आपण पुरी करून घरीं येईल. मग हवे तितके सेकंद थांबून पुन्हां हांकारा. टायमराचें काम एवढेंच.

म्हणून कांहींही विकत घेण्यापूर्वीं दोन परीक्षा कराव्यात. पहिली अशी कीं, काच ओली करून वायपर हळू चालवावा व तो मध्यावर असतांना स्विच बंद करावा. तो खालीं जाऊन थांबला तर मोटार कामाची आहे. मध्येंच थांबला, तर एक तर ती परतीची सोय नसलेली मोटार आहे, जशी कित्येक जुन्या जीपगाड्यांत असे, किंवा आंतील चकती झिजली आहे. अशा मोटारीस टायमर लावणें व्यर्थ होय. वायपर डोळ्यांपुढेंच आडवा उभा राहील. तेथें आधीं मोटारच बदलावी.

दुसरी परीक्षा परतीची तार ओळखण्याची. तारेचे रंग पाहून हें काम करूं नये. जुन्या गाडीत किती वायरमनांचे हात फिरले आहेत हें मालकासही ठाऊक नसतें. सात-बाऱ्यावर नांव एकाचें व वहिवाट दुसऱ्याची, असाच प्रकार तेथें असतो. १२ व्होल्टचा एक लहान तपासणीचा दिवा घ्यावा. त्याचें एक टोक गाडीच्या स्वच्छ लोखंडास लावावें व दुसरें मोटारीच्या एकेका तारेस टेकवून पाहावें. ह्या वेळीं वायपर हळू चालूं द्यावा. जी तार वायपर फिरत असतां दिवा पेटविते आणि वायपर खालीं जागेवरून जातांना क्षणभर विझविते, ती परतीची तार. दिवा असा लुकलुकणारी तार सांपडलीच नाहीं, तर पुढें जाऊं नये. कांहीं गाड्यांत स्विच बॅटरीच्या बाजूस नसून अर्थच्या बाजूस असतो. तेथें जोडणी निराळी आहे व ती जाणत्या माणसाकडून करवून घ्यावी.

आतां जोडणी. बॅटरीचें टोक आधीं सोडवावें. पांच टोकांचा, १२ व्होल्टचा, मोटारगाडीचा रिले व त्याचें सॉकेट घ्यावें. परतीची तार मोटार व स्विच ह्यांच्या दरम्यान कापावी. स्विचकडील तुकडा रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकास, मोटारीकडील तुकडा ८७अ ह्या टोकास लावावा. ८७ क्रमांकाच्या टोकास प्रवाह द्यावयाचा, तो वायपराच्या स्विचला जी चावीवरची तार येते तिच्यावरूनच घ्यावा, म्हणजे वायपराचा मूळ फ्यूज ह्या नव्या भागाचेंही रक्षण करतो आणि चावी काढल्यावर कांहींच चालू राहत नाहीं. प्रवाह थेट बॅटरीवरून, फ्यूजवांचून घेणारे वायरमन मी पाहिले आहेत. त्यांची घाई आपली केबिन जाळील. तार दीड चौरस मिलिमीटरहून बारीक नसावी, सांधे डाग देऊन व वर नळी चढवून करावेत. मूळ फ्यूजच्या जागीं मोठा फ्यूज कदापि बसवूं नये.

ह्या जोडणींत एक गोष्ट विशेष आहे, आणि माझ्या मतें सर्व कामाचा प्राण तीच होय. रिले स्वस्थ असतांना ३० व ८७अ जोडलेलेच असतात. म्हणजे कापलेली तार जणूं कापलीच नाहीं. टायमर बिघडला, त्याची तार तुटली, तरी हळू व जलद ह्या जुन्या दोन्ही चाली पूर्वींसारख्या चालतात, कारण स्विच चालू असतां परतीची तार उपयोगांतच नसते. रिले उलट बाजूस चिकटून बसला, तर वायपर सारखा हळू चालत राहील, पण काच पुसली जाईल. बाजारांत कोणी दुसरी जोडणी सुचवील, तींत जुन्या चालीही नव्या डबीतून जातात. ती घेऊं नये. भर घाटांत चार आण्यांच्या भागासाठीं सारा वायपर बंद पडावा, हें कोणत्या शहाणपणाचें?

रिलेस हांकारा देणारा टायमर तयार मिळतो, व ज्यांस खटपट नको त्यांनीं तोच घ्यावा. घरांत आय. टी. आय. किंवा पॉलिटेक्निकांत शिकणारा मुलगा असेल, तर त्यानें '५५५' ही चिप घेऊन तो करावा. ही चिप १९७२ पासून बाजारांत आहे व अगदी स्वस्त आहे. तिचें तत्त्व हौदासारखें आहे. कपॅसिटर हा हौद, व त्यांत येणारी वीज अरुंद तोटीनें येते; हौद ठराविक खुणेपर्यंत भरला कीं चिप त्यास रिता करूं लागते. तोटी जितकी आवळाल तितका वेळ जास्त. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, रितें करण्याच्या वाटेंत १० किलोओहमचा रोध, आणि भरण्याच्या वाटेंत त्याशिवाय २२ किलोओहमचा रोध व २२० किलोओहमची फिरती गुंडी घ्यावी. रिलेची कॉइल बॅटरीचें धन टोक व चिपचा तिसरा पाय ह्यांच्यामध्यें लावावी. ह्या मापांनीं हांकारा सुमारें ०.७ सेकंदाचा होतो व विश्रांति गुंडीप्रमाणें सुमारें २ पासून १७ सेकंदांपर्यंत बदलते. कॉइलचा रोध ८० ओहमपेक्षां कमी नसावा, व तिच्यावर उलट दिशेनें एक डायोड अवश्य लावावा. नाहींतर रिले सुटतांना उठणारी लाट चिपचा बळी घेईल. टायमरास चालू-बंद करण्याचा खटका डॅशबोर्डवर, स्टिअरिंगवरील हात फार दूर न नेतां लागेल असा बसवावा.

हांकाऱ्याचें माप बरोबर आहे कीं नाहीं, तें वायपरच सांगतो. तो किंचित हालून जागींच बसला तर हांकारा आंखूड आहे. चकती अर्थवरून सुटली नाहीं. एकाऐवजीं दोन फेऱ्या मारल्या तर तो लांबला आहे. हळू चालींत मिनिटास चाळीस-पंचेचाळीस फेऱ्या होतात, म्हणजे एका फेरीस दीड सेकंदाहून थोडा कमी वेळ लागतो. हांकारा त्याच्या निम्म्याच्या आसपास ठेवावा.

रबराविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. वऱ्हाडचें वैशाखांतलें ऊन रबरास भाजून काढतें. त्याची धार कडक होते व तें पाणी पुसण्याऐवजीं पसरवितें. तें मृगापूर्वीं दरसाल बदलावें. ज्याची काच आजच फरपटल्यासारखी दिसते, त्यानें आधीं रबर बदलावें, काच साबणानें धुवून तिच्यावरील धुराचा चिकट थर काढावा, आणि मगच टायमराचा विचार करावा. मालवाहू गाडी आठ वर्षांहून जुनी झाली म्हणजे तिचें फिटनेस दरवर्षीं करवून घ्यावें लागतें, आणि त्या तपासणींत वायपरही पाहतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत वायपरासाठीं १०१ क्रमांकाचा स्वतंत्र नियमच आहे. थांबून चालण्याची सोय असावी अशी सक्ति मालकावर नाहीं. वायपर नीट चालावा, ही मात्र आहे.

काम पुरें झाल्यावर गाडी लगेच घाटांत नेऊं नये. अंगणांत उभी करून फवारणीच्या पंपानें काचेवर बुरबुर पाडावी. पंप औषधाचा असेल तर आधीं तीनदां स्वच्छ धुवावा. इंजिन चालू ठेवून पंधरा मिनिटें तिसरी चाल चालवावी, व रिलेस आणि सांध्यांस हात लावून पाहावा. कोमट लागला तर चिंता नाहीं, चटका बसला तर सांधा पुन्हां करावा. गुंडीवर ४, ८ व १२ सेकंदांच्या खुणा रंगानें कराव्यात, म्हणजे अंधारांत अंदाजानें फिरवितां येईल. शेवटीं वायपर हळू चालू करून रिले सॉकेटांतून सरळ उपटून पाहावा. वायपर न थांबतां चालत राहिला तर जोडणी बरोबर झाली. थांबला तर चुकीची तार कापली गेली आहे. ती दुरुस्त होईपर्यंत गाडी पावसांत बाहेर काढूं नये.