शेतातली माती किती गेली, हे मोजावे कसे?



गटसभेत माती वाहून जाण्याचा विषय काढला की एक उत्तर ठरलेले असते : "साहेब, आमच्या रानाला बांध हाय, आमची माती कुठं जाती?" बांध आहे ही चांगलीच गोष्ट. पण माती गेली की राहिली हे नुसते बघून सांगता येत नाही, ते मोजावे लागते.

ध्रुवनारायण व रामबाबू या शास्त्रज्ञांनी १९८३ साली देशाचा अंदाज मांडला. वर्षाला हेक्टरी सरासरी १६.३५ टन, म्हणजे एकरी साडेसहा टन माती जागची हलते. आकडा मोठा वाटतो, पण हीच माती एकरभर पसरली तर थर होतो जेमतेम सव्वा मिलिमीटरचा. तो डोळ्याला दिसणार कसा? वीस वर्षांत मात्र इंच गेलेला असतो, आणि मुरमावर वीतभरच माती असलेल्या रानात तो इंच फार महाग पडतो.

मोजण्याची पहिली रीत ओघळीची. इथे आमचीच एक चूक सांगतो. ट्रॅक्टरला वळणे कमी पडतात व पाणी लवकर शेवटाला जाते, म्हणून आम्ही एका सभासदाला लांब सऱ्या उताराच्या दिशेने काढायला सांगितल्या. आडसाली लागण झाली आणि ऑगस्टात एका रात्री पाऊस कोसळला. सकाळी जाऊन पाहतो तर बेण्याची टिपरी उघडी पडलेली, काही खालच्या बांधाशी जाऊन साचलेली. सभासद काही बोलला नाही, तेच आम्हाला जास्त लागले. टेप लावला. ओघळ सरासरी फूटभर रुंद, अर्धा फूट खोल, तीनशे फूट लांब : दीडशे घनफूट, म्हणजे दीड ब्रास. दोन एकरांत अशा चार ओघळी. सहा ब्रास म्हणजे सुमारे वीस टन, एकरी दहा! वर्षाची सरासरी एका रात्रीत मागे पडली.

दुसरी रीत बाटलीची. शेतातून पाणी बाहेर पडते तिथे पाऊस चालू असताना लिटरभर गढूळ पाणी भरावे, निवळू द्यावे, तळचा गाळ वाळवून तोलावा. समजा दहा ग्रॅम भरला, आणि त्या पावसात एकरातून २० मिलिमीटर पाणी वाहिले. ते झाले सुमारे ८१ हजार लिटर. म्हणजे आठशे किलो माती गेली.

तिसरी सळईची. मृगाआधी फूटभर सळया चार बोटे वर ठेवून उतारावर ठोकाव्यात आणि दिवाळीला किती उघड्या पडल्या ते मोजावे. ताज्या नांगरटीत ठोकू नयेत. तिथे माती आपोआप बसते आणि आकडा फुगतो.

न मोजता अंदाज काढायचा तर अमेरिकेत विशमायर व स्मिथ यांनी बसवलेले सूत्र आहे. १९७८ साली ते सुधारून छापले गेले. पावसाचा जोर, मातीचा स्वभाव, उताराची लांबी व चढ, पीक, आणि बंदोबस्त यांचे आकडे घ्यायचे व त्यांचा गुणाकार करायचा. बेरीज नव्हे, गुणाकार! त्यामुळे एक आकडा निम्मा केला की सगळी धूप निम्मी होते. पाऊस आपल्या हाती नाही, पण मध्यम उतारावर आडव्या सऱ्या काढल्या तर बंदोबस्ताचा आकडा निम्म्याच्या आसपास येतो. खोडव्यात पाचट न जाळता सरीत ठेवले तर पिकाचा आकडाही उतरतो. मात्र आडवी सरी सखल जागी फुटते, तिथे पाणी काढून द्यायची सोय आधी हवी.

या सूत्रात ओढ्याकाठची पडझड येत नाही. शिवाय शेतातून सुटलेली सगळी माती धरणात जात नाही. १९८३ च्या त्याच अंदाजात ६१ टक्के माती वाटेतच कुठेतरी बसते, १० टक्के जलाशयांत आणि २९ टक्के समुद्रात जाते, असे धरले आहे. पाणलोट जितका मोठा तितका वाटेत बसणारा वाटा साधारणपणे जास्त.

हा हिशेब चुकला की काय होते, ते आपल्या मांजरेनेच दाखवले आहे. पाटोदा तालुक्यात उगम पावून ती खाली तेलंगणात निजामसागरला मिळते. १९३१ साली पुऱ्या झालेल्या या धरणात वर्षाला ५३० एकर-फूट गाळ येईल असे धरले होते. पुढे पाहणीत ८,७२५ निघाला, सोळा पट. त्यात बालाघाटातल्या आपल्या रानांचाही वाटा आहेच.

सळयांचे आकडे वहीत लिहून दिवाळीनंतरच्या गटसभेला आणावेत. कोणत्या गटात किती उतार, सरी कशी, पाचट होते की जाळले, हेही शेजारी लिहावे.