पदवी परदेशची, सनद कुठली?

कसाऱ्याकडे जाणारी लोकल उंबरमाळीला थांबते तेव्हा उतरणारे थोडेच असतात. त्यातल्याच एका वडिलांनी मला मागे फलाटावर गाठलं. मुलगी एलएल.बी. झालेली, सनद हातात, दोन वर्षं शहापूरच्या कोर्टात एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर. आता ती एलएल.एम.साठी लंडनला जायचं म्हणते. "सर, म्हणजे आमची पोरगी बॅरिस्टर होऊन येणार ना?"

नाही, होणार नाही. चाळीस-पन्नास लाखांचा घोळ होतो तो नेमका या एका गैरसमजातून.

त्यांची चूक नव्हती. आपल्याकडे विलायतेला कायदा शिकायला जाणं म्हणजे बॅरिस्टर होणं, हे तीन पिढ्या डोक्यात बसलंय. बाबासाहेबांचंच बघा. त्यांनी पदव्या घेतल्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आणि बॅरिस्टर झाले ते ग्रेज इनमधून. पदवीचं दार वेगळं, सनदेचं वेगळं. १९२३ साली त्यांनी मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली, कारण तेव्हा तिकडची सनद इकडे चालत असे. पुढे १९६१चा ॲडव्होकेट्स ॲक्ट आला आणि बॅरिस्टरांसाठीची ही वाट ३१ डिसेंबर १९७६ या तारखेपर्यंतच उघडी राहिली.

घाट चढून पलीकडे नाशिक. तिथे १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. १८९२ मध्ये ऑक्सफर्डच्या बीसीएल या पदव्युत्तर कायद्याच्या परीक्षेला बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. पास झाल्या, पण पदवी हातात पडायला १९२२ उजाडलं, कारण विद्यापीठ १९२०पर्यंत बायकांना पदव्याच देत नव्हतं. भारतात बायकांच्या वकिलीतला अडसर कायद्याने दूर झाला तो १९२३ मध्ये. अभ्यास पुरा होता, हुशारी वादातीत होती, अडलं होतं ते सनदेपाशी.

तेव्हा एलएल.एम.चा विचार करणाऱ्या प्रत्येक घरात आधी हे ठरू द्या: तिकडे वकिली करायची आहे, की शिकून इकडे यायचं आहे?

तिकडे वकिली करायची तर एलएल.एम. दरवेळी लागतंच असं नाही, हे ऐकून बरेच पालक दचकतात. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर व्हायला २०२१पासून एसक्यूई ही परीक्षा आहे. भारतात सनद असलेला वकील एलएल.एम. न करताही तिला बसू शकतो, आणि इतरांना लागणारा दोन वर्षांचा कामाचा अनुभवही त्याला दाखवावा लागत नाही. न्यूयॉर्कचा नियम जरा गुंतागुंतीचा आहे. भारतासारख्या कॉमन लॉ देशातलं शिक्षण कालावधी आणि आशय या दोन्ही कसोट्यांना उतरलं तर बारच्या परीक्षेला थेट बसता येतं. एकीत कमी पडलं तर २४ क्रेडिटचं, ठरावीक अमेरिकी विषय घेतलेलं एलएल.एम. ती उणीव भरून काढतं. दोन्हींत कमी पडलं तर मात्र एलएल.एम.नेही भागत नाही. म्हणून कागदपत्रं आधी तिथल्या बोर्डाकडे तपासायला पाठवा, फी नंतर भरा. उलटा क्रम करून बसलेली मुलं मी पाहिली आहेत. कॅलिफोर्निया तर सनदधारक परदेशी वकिलाला थेट परीक्षेला बसू देतं. परीक्षा अवघड आहे, तो भाग निराळा.

आणि हो, एलएल.एम.च्या प्रवेशाला एलसॅट ही परीक्षा लागत नाही. त्यासाठी क्लास लावायला कुणी सांगितलं तर तिथून उठा.

पैसा. अमेरिकेतल्या नावाजलेल्या खासगी विद्यापीठांची नुसती फी सत्तर-ऐंशी हजार डॉलर, म्हणजे साठ लाखांच्या वर. ब्रिटन त्यापेक्षा स्वस्त, तरी राहण्या-खाण्यासकट आकडा छाती दडपणाराच. "सातबारा बँकेत ठेवू का?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. शेतजमिनीला सरफेसी कायद्याची वसुली लागू होत नाही, त्यामुळे अशा तारणाला बँकाच नाखूश असतात. एका अर्थी बरंच आहे ते.

त्याआधी शिष्यवृत्त्या बघा. अनुसूचित जमातींसाठी केंद्राच्या परदेश शिष्यवृत्तीच्या वर्षाला २० जागा असतात, आणि त्यातल्या ३ विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठी. आपल्या शहापूर-मुरबाडमधला कातकरी समाज त्याच गटात येतो. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर यांच्यासाठी केंद्राची वेगळी योजना आहे. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. विषय, वय, उत्पन्न यांच्या अटी मात्र त्या-त्या वर्षाच्या जाहिरातीतच वाचा, गेल्या वर्षी गेलेल्या मुलाच्या सांगण्यावर जाऊ नका. ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव मागते. शहापूरच्या कोर्टात तारखा घेण्यात 'वाया गेलेली' वर्षं इथे कामाला येतात. आणखी एक अट, शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी.

परत येऊन कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट किंवा सेट लागेल, आणि परदेशी पदवीचं समकक्षता प्रमाणपत्रही. एका वर्षाच्या एलएल.एम.वरून बार कौन्सिलच्या नियमांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे, तेव्हा ही पदवी शिकवण्यासाठी चालेल का, याचं उत्तर लेखी घ्या.

त्या मुलीशी नंतर फोनवर बोललो. विषय कोणता, विचारलं. म्हणाली, "कॉर्पोरेट. सगळे तोच घेतात." मी म्हटलं, तानसा आणि भातसा तुझ्या तालुक्यात, पाणी जातं मुंबईला. समृद्धी महामार्ग तुमच्याच तालुक्यातून गेला, भूसंपादनाची कागदपत्रं तू स्वतः हाताळलीस. तालुका अनुसूचित क्षेत्रात, वनहक्काचे दावे तुझ्या वकिलांच्या टेबलावर. पाणी, जमीन, पर्यावरण यांच्या कायद्यावर परदेशात स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. त्या वर्गात तुझ्याइतकी तयारीची किती जणं असतील?

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबांना बॅरिस्टरचं तुम्हीच सांगा. मी ट्रान्सक्रिप्टचा अर्ज करते."